पायावरचे ठसे

रावपुरा, बडोदे
१ ऑक्टोबर २०२५

ती. दादास सा. न.

काल अष्टमीला शेरीतल्या गरब्यात माझ्या यशश्रीच्या अंगात माताजी आल्या. बातमी पक्की आहे, कारण ती रमीलाबेननी दिली. रमीलाबेन आमच्या खाली राहतात. त्यांच्या सासूच्या अंगात चाळीस वर्षं येत होतं, त्यामुळे या बाबतीत शेरीत त्यांचा शब्द शेवटचा.

झालं ते असं. आरतीनंतर बायकांचा फेर सुरू झाला. यशश्री यंदा नाचणार नव्हती, शाळेत मुलांच्या चित्रकलेच्या स्पर्धा घेऊन दमले म्हणत होती. पण ओढून नेलं सगळ्यांनी. तिसऱ्या फेरीत ढोल वाढला. तिने टाळी द्यायला हात वर नेले आणि तशीच उभी राहिली. ओठ जांभळं खाल्ल्यासारखे. मग सरळ खाली बसली, बसली म्हणजे पडलीच. मी पाणी घेऊन वाकले तर रमीलाबेन म्हणाल्या, "निरुबेन, अडशो नहीं." मी हात मागे घेतला. अर्ध्या मिनिटाने तिने डोळे उघडले आणि सगळ्यांकडे अनोळखी माणसासारखं पाहिलं. तोवर तिच्या अंगावर चुंदडी घातली होती आणि पुढ्यात तीन नारळ आले होते.

तू मैथिलीच्या लग्नात तिला तपासलं होतंस. मिरजेत कार्यालयाचा जिना चढून ती खुर्चीत बसली तेव्हा. रक्त कमी आहे म्हणालास. लोहाच्या गोळ्या ती अजून घेते. जिना चढताना मध्येच बसते, पण तू तपासलंयस म्हणून मी निर्धास्त आहे. इथल्या डॉक्टरांनाही मी तेच सांगते, भाऊ छातीचा डॉक्टर आहे, त्याने बघितलंय. मग तेही फार खोलात जात नाहीत.

हे फोनवरच सांगणार होते, पण तुझा फोन नेहमी मैथिली उचलते आणि "बाबा म्हणतात पत्र लिही" एवढंच सांगते. जगात आता पत्रं लिहिणारी आपण दोघंच उरलो असू.

तुझी
निरू

—

मिरज
८ ऑक्टोबर २०२५

प्रिय निरू,

रमीलाबेनना माझा नमस्कार सांग. त्यांच्या घरात चाळीस वर्षांचा अनुभव आहे, माझी प्रॅक्टिस अडतीसच वर्षं झाली, तेव्हा मान त्यांचा.

पण माझंही ऐक. नऊ दिवस साबुदाणा आणि चहा, दिवसभर शाळा, वर गोल गोल फिरणं. माताजी नसतानाही माणूस पडतो. हिमोग्लोबिन करून घे. लिंबू, मीठ, साखर घालून दिवसातून तीन-चार पेले पाणी दे. पुढच्या वर्षी उपास तू कर, तिला नको.

लग्नात मी तपासली तेव्हा छाती स्वच्छ होती. काळजीचं काही नाही.

एक विचारतो, सहज. ती फेर धरून फिरत असताना पडली की थांबल्यावर? आणि ओठांचा रंग मांडवातल्या दिव्यांमुळे तसा वाटला की घरी आल्यावरही तसाच होता? याचं उत्तर पाठव. घाई नाही.

दादा

—

रावपुरा, बडोदे
१७ ऑक्टोबर २०२५

ती. दादास सा. न.

हिमोग्लोबिन साडेबारा. म्हणजे रक्त कमी नाही. मग काय, ते तू सांग. मीठ-साखरेचं पाणी रोज चार पेले देते आहे.

ती फिरत असतानाच पडली. ओठ घरी आल्यावरही तसेच होते. आता सकाळीही तसेच असतात. त्यानंतर जिन्यातही दोनदा अंगात आलं. आपला जिना तुला आठवतो ना, सतरा पायऱ्या. ती मोजत चढते. एक, दोन, तीन. नवव्या पायरीवर बसते. बसली नाही तर येतं.

मंगळवारी लोक येतात. पहिल्या मंगळवारी सात जण होते, या मंगळवारी एकोणीस. कोणी बोलावलं नाही. रमीलाबेन त्यांना रांगेत बसवतात, चपला खाली काढायला लावतात. यशश्री खुर्चीत बसते, येऊन जाऊन पायच दिसतात तिचे. पाया पडणाऱ्यांनीच पहिल्यांदा पाहिलं. दादा, तिच्या पायाला कोणी हात लावला की ठसे राहतात. अंगठा दाबला तिथे खळगा राहतो, एखाद मिनिट, कधी जास्त. मग हळूहळू भरतो. आता लोक मुद्दाम दाबतात. ज्याचा ठसा जास्त वेळ राहील त्याचं काम होतं म्हणे. एका बाईने तर घड्याळ लावून पाहिलं. मी खालच्या जमिनीकडे बघत राहते. मला ते खळगे बघवत नाहीत आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

आणि तिचा आवाज बदलला आहे. घोगरा झाला आहे, शेवटचा शब्द हवेत विरतो. सर्दी नाही, खोकला नाही. महिनाभर तसाच. शाळेतली मुलं तिला नक्कल करून दाखवतात. लोकांना तो माताजींचा वाटतो. मला नाही. दादा, तो आवाज मितालीचा आहे.

तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती दहावीत होती, म्हणून तुला लिहिते. शेवटच्या वर्षी मितालीचं गाणं सुटलं होतं, आवाज असाच झाला होता. ती पंचवीस वर्षांची होती. धाकटी यशश्री तेव्हा सोळा. मिताली याच जिन्यात नवव्या पायरीवर बसायची. भाजीची पिशवी घेऊन त्याच पायरीवर गेली, अकरा वर्षांपूर्वी जूनमध्ये. दमा, असं तेव्हा सगळे म्हणाले.

या मंगळवारी सगळे गेल्यावर यशश्री खुर्चीतून उठली आणि पुन्हा पडली. डोळे उघडले तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, "सोऱ्याच्या डब्यात बघ." मितालीच्या आवाजात. तो डबा माळ्यावर आहे, मिताली गेल्यापासून मी चकल्या केलेल्या नाहीत. त्यात काय आहे हे या जगात एकट्या मला ठाऊक होतं.

मी बघितलं. ते तिथेच होतं. काय, ते लिहीत नाही.

मंगळवारी मी शेवटी बसते आणि एक प्रश्न विचारते. ती हो म्हणते.

निरू

—

मिरज
२४ ऑक्टोबर २०२५

प्रिय निरू,

काल भाऊबीज होती. मैथिलीने तुला तीनदा फोन केला. तू "सगळं छान आहे" म्हणालीस आणि ठेवलास. छान नाही. हे पत्र नीट वाच, उभ्याने वाचू नकोस.

मी सहा वर्षांचा असताना माझी आई गेली. म्हणजे तुझी थोरली मावशी, तू तिला पाहिलंच नाहीस. धाकट्याच्या जन्मानंतर आठव्या दिवशी. बाळंतरोग म्हणाले. त्याच्या आधी कित्येक महिने ती पलंगावर पाय सोडून बसायची आणि मी खाली बसून तिच्या पायावर बोट दाबायचो. खळगा पडायचा. मी त्याला विहीर म्हणायचो. एका पायावर पाच विहिरी, मग पहिली भरायच्या आत सहावी. तिला ते आवडायचं की नाही, माहीत नाही. ती दमलेली असायची, बोलायची नाही. बोललीच तर घोगरं.

तुझं पत्र वाचताना तो अंगठा माझा होता, निरू.

आता डॉक्टर म्हणून लिहितो. हृदयाची उजवी बाजू फुफ्फुसात रक्त ढकलते. तिथल्या बारीक धमन्या आतून जाड आणि अरुंद होत गेल्या तर दाब वाढतो. आपण दंडाला पट्टा बांधून मोजतो तो दाब नाही, हा वेगळा, त्या पट्ट्यात कधीच दिसत नाही. उजवं हृदय ढकलून ढकलून मोठं होतं आणि दमतं. मग जिन्यावर दम लागतो. श्रम वाढले की मेंदूला रक्त पुरत नाही, माणूस कोसळतो. पायांवर सूज येते, दाबलं की खळगा राहतो. फुगलेली धमनी स्वरयंत्राच्या नसेवर दाब देते, आवाज घोगरा होतो. तरुण बायकांत जास्त. दमा, रक्त कमी, मन कमजोर असं म्हणत दोन-तीन वर्षं सहज जातात. आणि काही घराण्यांत हा आजार रक्तातून पुढे येतो. एखादीत दिसतो, एखादीतून न दिसता पुढे जातो.

माझी आई. तुझी मिताली. आता यशश्री. मितालीला दमा नव्हता, असं मला आज वाटतं.

मिताली येत नाही, निरू. मितालीचा आजार आला आहे. तोच आवाज, तीच पायरी, कारण आजार तोच.

सोऱ्याचं म्हणशील तर दिवाळी तोंडावर होती, पोरीला चकली खावीशी वाटली असेल.

ताबडतोब करायचं ते: मिठाचं पाणी बंद. आजच. जिना बंद. छातीचा इको, या आठवड्यात, उजव्या बाजूचा दाब बघा असं स्पष्ट सांगून. मंगळवार बंद.

दादा

—

रावपुरा, बडोदे
२९ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,

पत्र मिळालं. मिठाचं पाणी बंद केलं. ते तूच सांगितलं होतंस.

बाकीचं नाही जमणार. लग्नात छाती स्वच्छ होती असं तू लिहितोस आणि दोन आठवड्यांनी हृदय मोठं झालं असंही तूच लिहितोस. कोणतं खरं धरू?

अकरा वर्षं मी त्या जिन्यावरून खाली बघत उतरले नाही. कठडा धरून समोर भिंतीकडे बघत उतरते. आता माझी मुलगी माझ्याशी बोलते. मी विचारते, "रागावली आहेस का?" नाही म्हणते. "मला माफ केलंस का?" हो म्हणते. तू सांगतोस ते सगळं करून आवाज परत बारीक झाला, पाय उतरले, तर मग कोण हो म्हणणार?

यशश्रीला मी विचारलं. ती म्हणाली, मला काही त्रास नाही, आई.

काळजी करू नकोस.

निरू

—

रावपुरा, बडोदे
३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय मामा,

आईला न सांगता लिहिते आहे. मैथिलीताईने फोन केला तेव्हा मी बरी आहे म्हणाले, कारण आई शेजारी उभी होती. घर दोन खोल्यांचं आहे. तुमची पत्रं आई देवघरात ठेवते, मी वाचली.

मला त्रास आहे. केस विंचरायला हात वर केले तरी थांबावं लागतं. वर्गात फळ्यावर मोठं चित्र काढायचं असलं की मुलांना काढायला लावते आणि म्हणते, बघू कोणाला जमतं. मुलं खूष आहेत. उताणं झोपवत नाही, तीन उशा घेते. आईला वाटतं मी वाचत बसते.

मामा, माझ्या अंगात कोणी येत नाही. समोर आधी करडं होतं, मग आवाज लांब जातात, मग काही नाही. डोळे उघडले की पहिल्यांदा आईचं तोंड दिसतं आणि ती विचारत असते. मला माफ केलंस का. मला कळतं ती माझ्याशी बोलत नाहीये. मी हो म्हणते. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा काय विचारलं तेही नीट कळलं नव्हतं. पण त्या दिवशी आई पोटभर जेवली. ताई गेल्यापासून तिला दोन पोळ्या खाताना मी बघितलं नव्हतं. म्हणून पुढच्या मंगळवारीही हो म्हणाले.

आवाज मी काढत नाही, तो असाच झाला आहे. आरशासमोर बोलले की मलाही भीती वाटते.

एक गोष्ट मात्र विचारायची आहे. सोऱ्याच्या डब्यात बघ असं मी म्हणाले, असं आईने तुम्हाला लिहिलं आहे. मला आठवत नाही. आमच्या घरी सोऱ्या आहे हेच मला माहीत नव्हतं, आम्ही चकल्या मंगळबाजारातून आणतो. बेशुद्धीत माणूस माहीत नसलेलं बोलतो का?

परवा जिना चढताना मी मोजत नव्हते. दम वाचवायला तोंड मिटून चढत होते. तरी मोजणं ऐकू येत होतं. नवावर थांबलं. मी पण थांबले.

मला मरायचं नाही, मामा. पण आईला "ताई येत नाही" हे मी सांगू शकत नाही. तुम्ही सांगा.

तुमची
यशश्री

—

मिरज
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय निरू,

हे कुरियरने पाठवतो, सोमवारपर्यंत पोचेल.

तू विचारलंस, कोणतं खरं धरू. उत्तर देतो. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. आठ वर्षं झाली. आधी पक्ष्यांचे गेले, मग फोनवरची माणसं, मग पेशंटच्या छातीतले ठोके. नळी कानात घालून मी समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचो आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने सांगायचो. बरोबर यायचं बऱ्याचदा. दोन वर्षं असं केलं, मग दवाखाना बंद केला आणि लोकांना गुडघेदुखीचं कारण सांगितलं. मैथिलीला कळलं, म्हणून लग्नानंतरही ती इथेच राहते आणि फोन उचलते. तुला कळू नये म्हणून मी पत्रं लिहितो. तू मला बारा वर्षांचा असल्यापासून "डॉक्टरदादा" म्हणतेस.

मैथिलीच्या लग्नात तू यशश्रीला माझ्यासमोर बसवलंस. मांडवात सनई चालू होती. मी तिच्या छातीला नळी लावली, दहा श्वास मोजले. डाव्या बाजूला, दुसऱ्या बरगडीखाली, या आजारात हृदयाचा दुसरा ठोका दार आपटल्यासारखा वाजतो. नवशिक्यालाही ऐकू येतो. मला फक्त माझ्याच कानातली शांतता ऐकू आली. तिची पापणी ओढून बघितली आणि रक्त कमी आहे म्हणालो. मोठ्याने, चारचौघांत. आणि तू दोन वर्षं माझ्या नावावर इतर डॉक्टरांना थांबवत राहिलीस.

हिमोग्लोबिन न बघता मीठ प्यायला मीच सांगितलं. त्या दुसऱ्या मंगळवारचे ठसे जास्त वेळ राहिले, त्यात माझा हात आहे.

आता तुझ्या पोरीबद्दल. तिने मला लिहिलं आहे. तिच्यावर रागावू नकोस, दोन खोल्यांच्या घरात देवघरातलं पत्र लपत नाही. ती हो म्हणते, कारण ती हो म्हणाली की तू जेवतेस. निरू, जिवंत मुलगी तुला जेवायला लावण्यासाठी मरते आहे. यापेक्षा स्पष्ट मला लिहिता येत नाही.

डब्याचं मला समजावून सांगता येत नाही. तिलाही आठवत नाही. मी अडतीस वर्षं जे समजलं नाही त्याला काहीतरी नाव देऊन टाकत आलो, आज देत नाही. पण मिताली खरंच बोलली असेल असं घटकाभर धर. तिने काय सांगितलं? डब्यात बघ. बहिणीला खुर्चीत बसवून ठेव असं नाही सांगितलं.

डब्यात काय आहे ते मी विचारत नाही. ते घेऊन दवाखान्यात जा.

दादा

—

रावपुरा, बडोदे
१५ नोव्हेंबर २०२५

ती. दादास सा. न.

इको झाला. उजवी बाजू डावीच्या दीडपट मोठी आहे, फुफ्फुसातला दाब पंचाऐंशीच्या आसपास. इथल्याच अकोटा भागातल्या ज्या डॉक्टरीणबाईंनी केला त्यांनीच सांगितलं आणि मला पडद्यावर दाखवलं. तुझं निदान बरोबर होतं. पक्कं करायला नळी घालून मोजावं लागेल म्हणाल्या.

डब्यात चिठ्ठी होती. मितालीची. जानेवारी दोन हजार चौदा. तिच्या कॉलेजच्या डॉक्टरांनी लिहिलेली: इको करून घ्यावा, लवकर. तिने आणून माझ्या हातात दिली. तेव्हा इंदूरचं स्थळ चालू होतं, पुढच्या रविवारी ते बघायला येणार होते. मुलीला हृदयाचं काहीतरी आहे असं एकदा तोंडातून गेलं की गेलं. बडोद्यातली आपली माणसं किती, सगळी एकमेकांना ओळखतात. म्हटलं लग्न होऊ दे, मग करू. घरात कोणाच्या हाताला लागू नये म्हणून सोऱ्याच्या डब्यात ठेवली, दिवाळीपर्यंत तो कोण उघडतो. मिताली दोनदा विचारायला आली. मी म्हटलं, हरवली. स्थळ काही जुळलं नाही. जूनमध्ये ती गेली.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला, भास्कररावांनाही नाही. ते गेले तेव्हाही मितालीला दमाच होता म्हणत गेले. माझं आणि तुझं एकाच मापाचं निघालं, दादा. म्हणून तुला लिहिता येतंय.

तुझं पत्र आलं तो दिवस मंगळवारच्या आधीचा. मी खाली जाऊन रमीलाबेनना म्हटलं, यशश्रीला दवाखान्यात न्यायचंय, जिना उतरायचा नाही. मला वाटलं बाई भांडणार. त्या लाटणं ठेवून म्हणाल्या, "ते लई जाव ने. माताजीए क्यां ना पाडी छे?" नेऊ दे ना, माताजींनी कुठे नाही म्हटलंय. आणि मग, "मारी सासुने पण लई जवां हतां." सासूलाही न्यायला हवं होतं. मग लाटणं परत उचललं. त्यांच्या दोन्ही मुलांनी यशश्रीला खुर्चीसकट खाली उतरवलं.

इकोच्या खोलीत अंधार होता. यंत्र लावल्यावर त्यातून आवाज यायला लागला, वारा बंद खोलीत कोंडल्यासारखा, आत बाहेर, आत बाहेर. तुलाही ऐकू आला असता इतका मोठा. यशश्री पडल्या पडल्या म्हणाली, "आई, ताई झोपेत असाच श्वास घ्यायची." मी मितालीची चिठ्ठी डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली. त्यांनी तारीख वाचली. परत वाचली. "ही तर अकरा वर्षांपूर्वीची." मी म्हटलं, हो, पोचायला उशीर झाला.

यशश्रीला मी सगळं सांगितलं. तिने चिठ्ठी मागून घेतली, वाचली. मग विचारलं, "म्हणून माफी मागत होतीस?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग ती तुला ताईकडेच मागावी लागेल. मी उगाच हो म्हणत होते."

फुफ्फुसात जुन्या गाठी नाहीत हे बघायला स्कॅन झाला, नाहीत. सहा मिनिटं चालवून बघितलं, दोनशे दहा मीटर चालली. लघवीची गोळी चालू आहे. चार दिवसांत साडेतीन किलो पाणी गेलं. घोटे दिसायला लागले.

निरू

—

मिरज
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय निरू,

नळीची तपासणी मंगळवारी पंचवीस तारखेला करणार हे मैथिलीला डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं. मानेतल्या शिरेतून एक बारीक नळी उजव्या हृदयातून फुफ्फुसाच्या धमनीपर्यंत नेतात आणि दाब तिथेच मोजतात. डावी बाजू निर्दोष आहे हेही तिथेच कळतं. यशश्री जागी असेल, दुखणार फारसं नाही. त्यावर औषधं ठरतील, बहुतेक दोन. त्यातल्या एका गोळीचं नाव ऐकून औषधवाला तुझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघेल. ती गोळी बाजारात पुरुषांच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. तू लायब्ररीत तीस वर्षं लोकांकडे चष्म्यावरून बघितलंस तसं बघ, गप्प बसेल.

आजार जात नाही, हे आताच सांगतो. रोखता येतो. आज सुरुवात झाली तर तिला बरीच वर्षं मिळू शकतात, फळ्यावर मोठी चित्रं काढण्याइतकी. मूल होऊ देणं धोक्याचं, ते तिला डॉक्टरच सांगतील, स्थळवाल्यांना मात्र तू सांगायचं. पहिल्या भेटीत.

घराण्यातल्या या दोषासाठी रक्ताची तपासणी आपणा सगळ्यांची होईल. तुझी, माझी. मैथिलीला सांगितलं तेव्हा ती हसली. मग संध्याकाळी मला तिच्या खोलीत दिवा दिसला, तर ती पलंगावर बसून स्वतःच्या पायावर अंगठा दाबत होती. मी दारातून मागे फिरलो. तिचाही इको सोमवारी आहे.

आम्ही दोघं मंगळवारी दुपारी बडोद्याला पोचतो. माझे कान म्हणून ती येते आहे.

दादा

—

रावपुरा, बडोदे
२४ नोव्हेंबर २०२५, सोमवार

दादा,

हे पत्र टपालात टाकत नाही. किल्लीबरोबर रमीलाबेनकडे ठेवते, तुम्ही पोचाल तेव्हा आम्ही दवाखान्यात असू.

आत वरणभात झाकून ठेवला आहे, जेवून या. उद्या मंगळवार, लोक येतील. चपला काढून जिन्यावर बसतील. रमीलाबेन सांगणार आहेत की माताजी अकोट्याला गेल्या. तुला कोणी काही विचारलं तर ऐकू येत नाही म्हणून सांग, आता खरं सांगायला हरकत नाही. त्यातली जी पिवळ्या साडीची बाई घड्याळ लावून ठसे बघायची, ती स्वतः नवव्या पायरीपर्यंत येऊन दम खाते, मी दोनदा पाहिलं आहे. तिचे पाय बघ. मैथिलीला बघायला सांग.

आज दुपारी एक झालं, ते तुलाच लिहिते. यशश्री आत झोपली होती, एकाच उशीवर, घोरत. आता तिला उताणं झोपता येतं. मी पिशवी भरत होते. जिन्यावर कोणीतरी मोजत वर यायला लागलं. एक, दोन, तीन. घोगऱ्या आवाजात, दमाने. मला वाटलं रमीलाबेनची नात. नवापर्यंत आलं आणि थांबलं. मी कडीला हात लावून उभी राहिले. दहा ऐकू येईल म्हणून वाट बघितली. आलं नाही. खाली कोणी उतरल्याचंही ऐकलं नाही. तू याला नाव देणार नाहीस, म्हणून लिहिलं.

उद्या सकाळी आठला रमीलाबेनची मुलं खुर्ची घेऊन येतील. यशश्रीला सरळ खाली नेतील, मध्ये टेकवायचं नाही असं मी सांगून ठेवलं आहे. नऊला दवाखान्यात घेणार, अकरापर्यंत आकडा कळेल, औषध संध्याकाळी सुरू होईल.

मी त्यांच्या मागून उतरणार आहे. नवव्या पायरीवर थोडी थांबेन, खाली बघून. चिठ्ठी पोचली, एवढं तिला सांगायचं आहे. माफीचं ती ठरवेल.

निरू